इंजिनची ओटी

सगळं सामान बाजेवर आल्याशिवाय गाडीच्या एकाही नटाला पाना लावायचा नाही, असं मी मिस्त्रीला पहिल्याच दिवशी बजावलं, आणि तिथूनच आमचं बिनसलं. मिस्त्रीचं गोरेगावच्या फाट्यावर टपरीवजा गॅरेज आहे. त्याची पद्धत अशी की आधी खोलायचं, मग बघायचं, मग ‘ह्याचं वाटोळं झालंय’ म्हणून हिंगोलीला माणूस पिटाळायचा. माणूस चुकीचा पार्ट घेऊन येणार, पुन्हा जाणार. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. शिवाय मी तापट आहे. गोरेगावात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. फवारणीच्या दिवसांत एखादं औषध संपलं म्हणून गिऱ्हाईक परत गेलं तर माझा दिवसभर जेवणात जीव लागत नाही. सामान आधी, काम नंतर, हे माझ्या अंगात भिनलेलं.

गाडी म्हणजे आमची जुनी, छोटी पेट्रोल गाडी. गुडघे आवळून चार माणसं बसतात एवढी. सोयाबीन काढणीच्या तोंडावर हिंगोलीहून परत येताना, सेनगावच्या अलीकडे, तिच्या पोटातून घण मारल्यासारखा आवाज आला आणि मी गाडी कडेला घेईपर्यंत सगळं तेल रस्त्यावर सांडलं. आतला रॉड तुटून इंजिनची भिंत फोडून बाहेर आला होता. मिस्त्रीनं त्या भोकात बोट घालून मला दाखवलं. आता ह्याला डागडुजी नाही, अख्खं दुसरं इंजिनच बसवावं लागेल, म्हणाला. हे सांगताना त्याचा चेहरा घरात लग्न ठरल्यासारखा उजळला होता, ते मला अजून आठवतं आणि अजून राग येतो.

त्या दिवशी मागच्या सीटवर अक्का होती. अक्का माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच, म्हणजे आमच्यातच आहे. माझी लेकरं तिनंच वाढवली. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या, आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला हिंगोलीच्या दवाखान्यात मशीनवर झोपवावं लागतं. मशीनवरून उठली की तिच्या अंगात त्राण राहत नाही. मग ती मागच्या सीटवर आडवी होते, काच खाली करते, तोंडावर ओलं फडकं घेते आणि घरी येईपर्यंत एक अक्षर बोलत नाही. वाटेत उलटी होते कधीकधी. मी गाडी थांबवतो, ती तोंड धुते, पुन्हा आडवी होते. त्या छोट्या गाडीत तिची अशी एक खोली होती म्हणा.

गाडी पडल्यावर दवाखान्याच्या पहिल्या पाळीला आम्ही जीपनं गेलो. जाताना ठीक होतं. येताना जीपमध्ये तिला उलटी झाली. लोक वाईट नव्हते, सरकून बसले, एका बाईनं पाणी दिलं, पण एक पोरगं नाकाला रुमाल लावून बाहेर बघत बसलं आणि अक्कानं ते पाहिलं. गोरेगावला उतरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला सांगितलं, “आता मी जायची न्हाई. आपली गाडी हुईल तवा बघू.”

मला वाटलं, बोलली असेल रागात. पण पुढच्या पाळीला मी भाड्याची गाडी दारात आणून उभी केली, तर ती उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. परक्याच्या गाडीत मी घाण करायची आणि परक्यानं ती पुसायची, हे तिला जमणार नव्हतं. मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. माझी बायकोही रडली. भाड्याची गाडी परत गेली. दोन दिवसांत अक्काचे पाय सुजले, डोळ्यांखाली फुगलं, आणि झोपली की तिला दम लागायला लागला. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की एक पाळी गेली ती गेली, पण आता दुसरी चुकली तर अंगातलं पाणी छातीत चढेल, आणि मग तुम्ही मला फोन करू नका, सरळ घेऊन या, जमलं तर.

दुसरी पाळी खंडेनवमीला होती. आणि खंडेनवमीला मिस्त्री पाना उचलत नाही. त्याच्या घरात बापाच्या बापापासून रीत आहे: अष्टमीच्या संध्याकाळी सगळे पाने, हातोडे, पक्कड धुऊन पुसून सतरंजीवर मांडायचे, नवमीला त्यांची पूजा, आणि दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. मी त्याला आडून विचारून पाहिलं. तो म्हणाला, “मालक, माझं डोकं मागा, देतो. पाना मागू नका.” म्हणजे अष्टमीच्या उजेडात गाडी सुरू झाली पाहिजे. नाही झाली, तर अक्का जाणार नाही. हिशोब एवढाच होता आणि तो मी दिवसभर मनात घोळवत होतो.

म्हणून आधी सामान. नांदेडच्या भंगार बाजारात आमच्याच मॉडेलची एक ठोकलेली गाडी आली होती. तिचं इंजिन घ्यायला मी आणि मिस्त्री पिकअप घेऊन गेलो. भंगारवाला हिंदीत सांगत होता की गाडीला मागून ठोकलंय, इंजिनला ओरखडासुद्धा नाही. मिस्त्री ‘सेम टू सेम’ म्हणून मोकळा झाला. मी मात्र दोन्ही गाड्यांचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन गेलो होतो, आणि तिथं चिखलात उकिडवा बसून एकेक जोड ताडून पाहत होतो. सेम टू सेम नव्हतंच ते. नांदेडचं इंजिन आमच्यापेक्षा नवीन सालचं. सेन्सरच्या पिना वेगळ्या. एका बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी बुडावर बसतं तो तुकडा, बोटभर लांब. मी ते दाखवलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, ते तर मला येताक्षणीच दिसलं होतं. मी पैसे मोजायला घेतले. बोललो असतो तर पिकअप रिकामी परत आली असती.

मग ठरलं की सेन्सर जुन्या इंजिनचेच काढून लावायचे, वायरिंग आपलीच ठेवायची, आणि फाउंडेशन जुन्या नमुन्याचं नवीन घ्यायचं. क्लच नवा, पाण्याचा पंप नवा, बेल्ट नवा, रबरी पाइप सगळे नवे, प्लग नवे, तेल, फिल्टर, ज्या ज्या जोडाला हात लागणार त्या प्रत्येकाची पॅकिंग. फक्त हेडची पॅकिंग आणली नाही. हेड म्हणजे इंजिनचं डोकं, आणि ते आपण उघडायचंच नाही, असं मिस्त्री म्हणाला, आणि मीही म्हणालो. सगळ्या कामात आमचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

इंजिन नंबर बदलणार म्हणून आरटीओतला अर्ज, भंगारवाल्याची पावती, ते सगळं मी बायकोच्या भाच्याकडून करून घेतलं. घरी कडुलिंबाखाली बाज टाकली आणि येईल ते सामान तिच्यावर मांडत गेलो. मिस्त्रीनं क्लच प्लेट आणली ती नांदेडच्या इंजिनच्या जुन्या प्लेटवर ठेवून पाहिली तर कडेनं दोन बोटं उघडी. दुसऱ्याच गाडीची. मिस्त्री म्हणाला, दुकानदारानं फसवलं. मी म्हणालो, दुकानदाराला तुमी काय मागितलं ते सांगा. त्यावर तो फणफणत निघून गेला आणि दुपारी बराबर प्लेट घेऊन आला, पण सबंध दिवस माझ्याशी बोलला नाही. सगळं तो बायकोला सांगायचा आणि बायको मला सांगायची, मी समोर उभा असताना.

सप्तमीला, तोवर मिस्त्रीच्या गॅरेजवर ठेवलेलं नांदेडचं इंजिन घेऊन पिकअप दारात आली. जड वजन उचलायची साखळीची चैनकुप्पी लिंबाच्या फांदीला बांधून आम्ही इंजिन उतरवलं आणि ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर ठेवलं. बाकी सामान पुरं झालं तेव्हाच फुटलेलं इंजिन मिस्त्रीनं काढून ठेवलं होतं. गाडीचं बॉनेट उघडं आणि आत नुसता खड्डा. अक्का ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. पाय सुजल्यामुळे तिला चपलाही घालवत नव्हत्या. इंजिनकडे बघत तिनं मला विचारलं, “त्या गाडीतली माणसं वाचली का?”

मी घाईत होतो. म्हणालो, मला काय माहीत, मागून ठोकलंय म्हणजे वाचली असतील. तिनं मान हलवली.

भंगारात पडून इंजिन जाम झालेलं असतं, म्हणून मिस्त्रीनं तिन्ही प्लग काढले, तिन्ही भोकांत थोडं थोडं तेल सोडलं आणि हातानं फिरवून मोकळं केलं. रातभर मुरू द्या, म्हणाला, सकाळी नवे प्लग लावून बसवू. भोकांत त्यानं काळ्या चिंध्यांचे बोळे कोंबले, वरून ताडपत्री घातली आणि गेला.

अष्टमीच्या सकाळी मी दात घासत होतो, तर बायकोनं मला खुणेनं बोलावलं. तिनं आवाज केला नाही म्हणून मी घाबरलो, कारण माझी बायको आवाज न करता कुणाला बोलवत नाही. ताडपत्री नीट घडी घालून बाजूला ठेवलेली. इंजिनवर हिरवा खण पसरलेला. खणावर तांदूळ, खोबऱ्याची वाटी, सुपारी, खारीक, बदाम. लोखंडावर हळदी-कुंकवाची बोटं. आणि त्या तिन्ही भोकांतले काळे बोळे काढून भिंतीपाशी टाकलेले. त्यांच्या जागी वातींचा पांढरा कापूस. कापूस तेलानं भिजून आत खचला होता. त्याच्याभोवती तांदूळ चिकटले होते, आणि भोकाच्या आतल्या कडेलाही दिसत होते.

“मी न्हाई केलं,” बायको हळूच म्हणाली.

ते मला कळत होतं. बायकोनं पूजा केली असती तर आधी गल्लीला कळलं असतं. घरात आणखी एकच बाई होती. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरात घेत नाहीत. मोटार असो, कपाट असो. पण ही नुसती पूजा नव्हती. ही ओटी होती. बाहेरून घरात आलेल्या बाईची भरतात तशी. आणि अक्काचा नवरा गेल्यापासून गावात कुणी तिच्या हातून ओटी घेतलेली नाही. असा नियम कुणी सांगितला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. माझ्या लेकीच्या लग्नात सगळे खण अक्कानं आणले, घड्या तिनं घातल्या, ताटं तिनं लावली, आणि ओटी भरायच्या वेळी ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी तेव्हा मांडवात होतो. ते मला दिसलं होतं आणि मी दुसरीकडे बघितलं होतं. सगळेच बघतात.

माणसाची भरता येत नाही, म्हणून तिनं लोखंडाची भरली. पहाटे, कुणी उठायच्या आत, सुजलेल्या पायांनी अंगणात येऊन. चिंध्या काढल्या त्या घाण होत्या म्हणून. ओटी घेणारीच्या तोंडात असले बोळे ठेवायचे कसे. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिची मायाही आली. दोन्ही एकदम.

बायकोनं खणावरचं सामान निरखलं आणि तिचा चेहरा उतरला. “हळकुंड न्हाई,” ती म्हणाली.

ओटीत हळकुंड नाही असं होतच नाही. आम्ही टायरभोवती शोधलं, मातीत शोधलं, ताडपत्री झटकली. खारीनं नेलं असेल, असं मी म्हणालो. बायको म्हणाली, खार बदाम सोडून हळकुंड नेईल का? मग आम्ही दोघंही त्या तीन भोकांकडे बघत उभे राहिलो. आमच्या रानातली हळद. हळकुंडं करंगळीएवढी, काही त्याहून बारीक. भोकात सहज जातील.

“मी अक्काला इचारतो,” मी म्हणालो.

“नका इचारू,” बायको म्हणाली. “इचारलं की त्यास्नी कळंल, आपल्याला कळलंय म्हून.”

ती बरोबर बोलत होती. चोरून केलेली गोष्ट होती ती. विचारलं असतं तर अक्का मेल्याहून मेली असती, आणि वर आपल्यामुळे इंजिन बिघडलं म्हणून पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली असती. आम्ही खण, तांदूळ, सगळं एका ताटात उचलून देवघरात नेऊन ठेवलं. कुणी काही पाहिलंच नाही, असं.

मिस्त्री पाने वाजवत आला. घरच्यांनी पूजा केली, थोडे तांदूळ आत गेलेत, आणि बहुतेक एक हळकुंडही, असं मी त्याला सांगितलं. मला वाटलं तो हसेल किंवा बोंबलेल. त्यानं इंजिनवरच्या कुंकवाला हात लावून नमस्कार केला आणि मगच कपाळाला हात लावला. बॅटरीचा उजेड पाडून त्यानं भोकांत पाहिलं. तांदूळ दिसत होते. आम्ही इंजिन चैनकुप्पीला टांगून उलटं केलं, हलवलं, वरून लाकडानं ठोकलं. तेलात माखलेले तांदूळ टपटप पडले. टायरवाल्याचा हवेचा पाइप आणून हवा मारली, आणखी चार पडले. हळकुंड पडलं नाही.

आत नसेलच, मी म्हणालो. मिस्त्री म्हणाला, आडवं पडलं असेल तर भोकातून येईल कसं? त्यानं इंजिन हातानं फिरवून पाहिलं. फिरलं, कुठं अडकलं नाही. मला हायसं वाटणार एवढ्यात त्यानं तेही काढून घेतलं. बारीक हळकुंड वरच्या पोकळीत मावतं, हातानं फिरवताना कळणारच नाही; पण गाडी सुरू झाली आणि ते वॉल्वमध्ये सापडलं तर हे इंजिनही संपलं. खात्री करायची तर हेड उघडायचं. एकदा उघडलं की हेडची जुनी पॅकिंग वाया जाते, आणि नवी काही बाजेवर नव्हती.

मी बाजेकडे बघितलं. पंप, पाइप, प्लग, बेल्ट, तेलाचा डबा, सगळं ओळीनं मांडलेलं. इतकी तयारी मी उभ्या जन्मात कशाची केली नव्हती. सेनगावच्या दुकानात फोन लावला, पॅकिंग नव्हती. हिंगोलीच्या दुकानात होती, पण जाऊन येणार कधी, हेड उघडणार कधी, बेल्ट पुन्हा जुळवणार कधी. मिस्त्रीनं उन्हाकडे बघितलं. हेड उघडलं तर आज गाडी होत नाही. न उघडता बसवलं तर होईल, पण जबाबदारी तुमची. त्यानं पाना बाजेवर ठेवला आणि मी काय म्हणतो त्याची वाट बघत बसला.

घरातून अक्काच्या खोकल्याचा आवाज येत होता. सकाळपासून तिचा दम वाढला होता. बसूनच श्वास घेत होती. मी लिंबाखाली येरझाऱ्या घालत होतो. बसवा म्हणावं, आणि उद्या सेनगावच्या रस्त्यावर पुन्हा तोच घणाचा आवाज आला तर? ती मागच्या सीटवर पडलेली, वर ऊन. उघडा म्हणावं, तर उद्या गाडीच नाही.

मिस्त्री म्हणाला, “जिनं पूजा केली तिला इचारून घ्या ना. एक सवाल हाये, त्यात काहून इतकी तकलीफ?”

माझा तोल गेला. सकाळपासूनचं, त्याच्या सेम टू सेमचं, अक्काच्या हट्टाचं, सगळं त्याच्यावर निघालं. मी ओरडलो, “इचारायचंच असतं तर सकाळीच इचारलं नसतं का? ओटीतलं हळकुंड कुठं गेलं, हे कोणत्या तोंडानं इचारू मी तिला?”

शेजारच्या अंगणात दळण निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. माझी बायको दारात होती, तिनं डोळे मिटून घेतले. मिस्त्री खाली बघायला लागला. घरातला खोकला बंद झाला. आपण काय केलं, ते मला तेव्हा कळलं.

थोड्या वेळानं अक्का दारात आली. भिंत धरत धरत. बायको तिला आधार द्यायला गेली, तर तिनं हातानंच नको म्हटलं आणि ओट्यावर येऊन बसली. दम खाल्ला. मिस्त्रीला काय वाटलं कुणास ठाऊक, तो उठला आणि हात धुवायच्या निमित्तानं हौदाकडे गेला.

“वरडू नको,” अक्का म्हणाली. “हळकुंड माझ्यापाशी हाये.”

तिनं पदराचं टोक पुढं घेतलं. गाठ होती. सुजलेल्या बोटांनी तिला ती सुटेना. मी पुढं झालो, पण तिनं सोडू दिली नाही, स्वतःच दातानं सोडली. आत हळकुंड होतं. बारीक, आमच्याच रानातलं.

आमच्याकडे ओटी घेणारी बाई त्यातलं थोडं परत देते. चार दाणे, एखादी सुपारी. सगळंच्या सगळं ओटीत घेऊन जात नाहीत.

“तिनं वापस द्यायला पाहिजे ना काही तरी,” अक्का म्हणाली. “तिला कुठं हात हायेत. म्हून तिच्या वतीनं मीच घेतलं.”

मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून गेलंच, “काहून पण, अक्का?”

तिनं इंजिनकडे बघितलं. “परक्याच्या घरून आली. कोणाचं काय झालं न्हाई झालं, त्याची तिला काय खबर. आता आपल्या घरी टिकली पाहिजे.” मग ती हळकुंड पुन्हा पदरात बांधायला लागली. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, “अन मी बी.”

गेले कित्येक दिवस मी जे ऐकायला तडफडत होतो ते हे होतं. ही बाई मरायचं ठरवून बसली आहे, असंच मी धरून चाललो होतो. मला रडू आलं. अंगणात, भर दिवसा, शेजारच्या बायकांसमोर. मी बाजेवरचा तेलाचा डबा उगाच उचलून पुसायला लागलो. अक्का म्हणाली, “डबा काय पुसतो, त्याला बोलव. ऊन चाललंय.”

त्यानंतर मिस्त्री आणि मी भांडलो नाही, कारण भांडायला वेळच नव्हता. नवे प्लग लावले. क्लच बसवला. चैनकुप्पीनं इंजिन उचललं, मी दोन्ही हातांनी त्याला धरून खड्ड्यात सोडत गेलो, आणि फाउंडेशनचं भोक बोल्टासमोर आलं तेव्हा ते बराबर आलं, एका केसाचा फरक नाही. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं, पण शाब्बास म्हणाला नाही. पाइप, वायरी, पाणी, तेल. हौदाच्या भिंतीवरून ऊन खाली उतरलं तेव्हा त्याच्या घरून फोन आला, पाने धुवायला कधी येता म्हणून. तो म्हणाला, येऊन राहिलो, आणि बेल्टचं कव्हर लावत राहिला.

चावी मी फिरवली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही. मिस्त्रीनं बॉनेटमध्ये डोकं घातलं, कुठली तरी वायर दाबली आणि हात वर केला. तिसऱ्यांदा गाडी धडकन सुरू झाली आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. मी घाबरून पाय उचलला. मिस्त्री ओरडला, बंद करू नका, कालचं तेल जळून राहिलं. आम्ही सगळे धुरात उभे राहून कान देऊन ऐकत होतो. कुठं खट्ट होतंय का, कुठं घासतंय का. धूर हळूहळू विरला. आवाज एकसारखा झाला. अक्का ओट्यावरून बघत होती.

मिस्त्रीनं एकेक पाना फडक्यानं पुसून पिशवीत टाकला आणि उरलेल्या उजेडात मोटारसायकलवर बसून गेला. सोनं द्यायला या म्हणाला, दसऱ्याला.

खंडेनवमीच्या सकाळी मी हाक मारायच्या आत अक्का गाडीत जाऊन बसली होती. आडवी नव्हती, बसलीच होती. आडवं झालं की दम लागायचा. काच खाली केलेली, मांडीवर ओलं फडकं. मी चावी लावली, तेवढ्यात बायको घरातून आली. तिच्या हातात देवघरातलं ताट होतं. कालचाच खण, खोबऱ्याची वाटी, धुतलेले तांदूळ, आणि एक दुसरं हळकुंड. ती मागच्या काचेपाशी उभी राहिली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बोलताना तिचा आवाज असा अडखळलेला मी ऐकला नव्हता.

“अक्का,” ती म्हणाली, “माझी भरता का?”

आणि तिनं ताट खिडकीतून आत केलं आणि स्वतःचा पदर पुढं धरला. भर अंगणात. शेजारणी बघत होत्या.

अक्कानं त्या पदराकडे बघितलं. मी आरशातून बघत होतो. मग तिनं ताट हळूच मागं सारलं.

“आता नगं,” अक्का म्हणाली. “गडबडीत भरत न्हाईत. आल्यावर भरते. ताट झाकून ठिव.”

बायकोनं ताटावर पदर टाकला. मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि आम्ही हिंगोलीच्या रस्त्याला लागलो.